मुलाचं गणित घरी कसं जोखायचं? पहिली ते पाचवीच्या पालकांसाठी

५२ − २७. मनूने उत्तर लिहिलं ३५.

आई शेजारीच बसली होती. ती लगेच म्हणाली, "अगं, हातचा!" मनूने खोडरबर घेतला, ५ च्या डोक्यावर ४ लिहिला, २ च्या डोक्यावर १ टाकला आणि २५ लिहून मोकळी झाली. आई माझ्याकडे बघून हसली. "बघा बाई, येतं हो तिला. नुसती घाई."

मी मनूला विचारलं, "हा वरचा एक कुठून आणलास?"

"शेजाऱ्याकडून उसना."

"किती आणलास?"

"एक."

"मग दोनात एक मिळवल्यावर तीन व्हायला हवेत ना?"

ती थांबली. खिडकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तिथे बारा म्हणायचं असतं. बाईंनी सांगितलंय."

मनू तिसरीत आहे, गणितात अ-२. उत्तर बरोबर आलं, पण एक दशक म्हणजे दहा सुटे हे तिला ठाऊक नाही. ती नुसता नियम पाळते. आणि तिला काय कळलंय हे सांगणारी एकमेव खूण, म्हणजे ते ३५, आईच्या एका शब्दाने खोडरबराखाली गेली.

मी सव्वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवलं. पालकसभेत गणिताबद्दल ठरलेला प्रश्न यायचा, "कसा आहे हो आमचा?" आणि घाईत माझंही ठरलेलं उत्तर जायचं, "बरा आहे, सराव घ्या." या प्रश्नाचं खरं उत्तर घरी, कागद-पेन घेऊन, सगळ्या बैठका मिळून तासाभरात मिळू शकतं. ते कसं, ते सांगते.

आधी प्रगतिपत्रक नीट वाचा

राज्याच्या शाळांत अ-१ म्हणजे ९१ ते १०० टक्के, अ-२ म्हणजे ८१ ते ९०, ब-१ म्हणजे ७१ ते ८०. पण हे टक्के कशाचे? पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के भार असतो आणि संकलित म्हणजे सत्राच्या शेवटच्या परीक्षेला ३०. तिसरी-चौथीला हे ६० आणि ४० असतं, पाचवीला निम्मं-निम्मं. आकारिकमध्ये तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय हे सगळं येतं. त्यामुळे वही नेटकी ठेवणारं, वर्गात हात वर करणारं मूल चांगली श्रेणी घेऊन जातं, आणि त्यात गैर काही नाही. फक्त त्या श्रेणीवरून हातच्याची वजाबाकी कळली की नाही, हे समजत नाही. तिसरीच्या पुढे पायाभूत आणि संकलित चाचण्यांच्या उत्तरपत्रिका शाळेत बघायला मिळाल्या तर गुणांपेक्षा चुकलेली उदाहरणं बघा.

मुलाला काय यायला हवं, यासाठी एक साधी फूटपट्टी आहे. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानात पहिलीच्या शेवटी ९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणं आणि सोपी बेरीज-वजाबाकी, दुसरीच्या शेवटी ९९९ पर्यंतच्या संख्या आणि ९९ पर्यंतची वजाबाकी, तिसरीच्या शेवटी ९९९९ पर्यंतच्या संख्या आणि सोपा गुणाकार, अशी उद्दिष्टं आहेत. चौथी-पाचवीसाठी पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिकाच वापरा.

बैठक

कोरे कागद घ्या, एक पेन, मूठभर शेंगदाणे, दहाच्या पाच-सहा नोटा आणि रुपयाची नाणी. पेन्सिल-खोडरबर देऊ नका. चुकलं तर एक रेघ मारून पुढे लिहायचं, म्हणजे चूक कागदावर राहते आणि आपल्याला तीच हवी असते. एका बैठकीला पंधरा-वीस मिनिटं पुरे. सगळं एका दिवसात उरकू नका. शिकवणीवरून दमून आलेल्या मुलाला बसवू नका. आजी किंवा ताई उत्तर पुरवणाऱ्यातल्या असतील तर त्यांना तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत चहा द्या.

सुरुवात मुलाच्या इयत्तेपासून नको, दोन इयत्ता खालून करा. चौथीतल्या मुलाला दुसरीचं आधी. तिथे ते पटापट सुटतं, मूल खुलतं, आणि खालचा एखादा दगड हलत असेल तर तोही कळतो. 'असर' या मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीचे कार्यकर्ते २००५ पासून हेच करत आलेत. गावोगाव घरी जाऊन, एकेका मुलाला, इयत्ता न बघता तोच कागद देतात: अंक ओळखणं, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी, शेवटी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी तो भागाकार जेमतेम तिसऱ्या हिश्शाला आला. त्यामुळे आपल्या मुलाचं खालच्या इयत्तेत कुठे अडलं तर डोक्याला हात लावू नका.

आता या लेखातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. उत्तर बरोबर असो वा चूक, तुम्ही एकच विचारायचं: "कसं केलंस?" आवाजही तोच. बहुतेक घरांत हा प्रश्न फक्त चुकल्यावर येतो. मग मूल "कसं" ऐकलं की लगेच खोडायला लागतं. दोन-तीन बरोबर उत्तरांनंतर हाच प्रश्न आला की त्याला कळतं, आईला खरंच रीत ऐकायचीय. विचारल्यावर गप्प राहायचं. मी घड्याळ लावून बघितलंय, आपल्याला दहा सेकंदंही गप्प बसवत नाही.

संख्या सांगा, त्याला लिहू द्या

मराठीतून सांगा: एकोणतीस, बासष्ट, सव्वीस, एकोणऐंशी, एकोणनव्वद, नव्याण्णव. तिसरीच्या पुढे असेल तर एकशे पाच, तीनशे चाळीस, एक हजार पाच, तीन हजार चाळीसही.

आपली संख्यानावं मुलांची परीक्षा बघतात. लिहिताना दशक आधी, बोलताना एकक आधी. 'बासष्ट' म्हणताना 'बा' पहिल्यांदा कानावर पडतं, म्हणून मूल २ आधी लिहितं आणि २६ होतात. 'एकोणतीस'मध्ये 'तीस' ऐकू येतं आणि ३९ लिहिलं जातं. एकोणनव्वदपर्यंत 'एकोण'ची ओळख पटते न पटते तोच नव्याण्णव येतं, आणि ते एकोणशंभर नसतं! २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'साठ दोन' अशी वाचनाची रीत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवत असेल. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर होत्या. भाषा बिघडवली म्हणून त्यांच्यावर टीका झाली, चेष्टाही झाली. मला स्वतःला 'बासष्ट' हा शब्द जायला नको होता, पण अडचण त्यांनी नेमकी पकडली होती हे वर्गात उभं राहिलेल्या कुणालाही पटेल.

ती रीत जोखायला मात्र फार कामाची आहे. मुलाने बासष्टचे २६ लिहिले, तर लगेच दुरुस्त न करता थोड्या वेळाने सांगा, "साठ आणि दोन लिही." ६२ लिहिलं तर मुलाला संख्या कळते, नाव अडवतं. रोज जेवताना चार नावं विचारलीत की महिन्याभरात निस्तरतं. पण तेव्हाही ६०२ लिहिलं, किंवा 'एकशे पाच'चे १००५ झाले, तर घोटाळा स्थानिक किमतीचा आहे. दोन्ही चुका वहीत सारख्याच लाल दिसतात, उपाय मात्र वेगवेगळे.

सेमी-इंग्रजीतल्या मुलांचं एक निराळंच त्रांगडं असतं. आपला ४ आणि इंग्रजी आठ यांचं बऱ्यापैकी साम्य आहे. उत्तर चमत्कारिक आलं तर आधी विचारा, "हा कुठला अंक आहे?"

मग उलटं मोजायला सांगा, बासष्टपासून अठ्ठेचाळीसपर्यंत. साठच्या खाली उतरताना किती वेळ थांबतं ते बघा.

सोळा शेंगदाणे

पाच मिनिटांचं काम आहे, पण मोठमोठ्या श्रेणीवाल्यांचीही इथे फजिती होते. मुलाला सोळा शेंगदाणे मोजून घ्यायला सांगा आणि कागदावर १६ लिहायला सांगा. ६ वर बोट ठेवून विचारा, "याचे दाणे दाखव." मूल सहा दाणे बाजूला करतं. आता १ वर बोट ठेवा. "याचे?"

पुष्कळ मुलं एक दाणा उचलतात. नऊ दाणे तसेच पडून राहतात. मग नुसतं विचारा, "हे उरले ते कुठले?" काही मुलं तिथल्या तिथे चमकतात आणि दहाही दाणे ओढतात. काही म्हणतात, "ते जास्तीचे आहेत." दुसरं उत्तर आलं तर हातच्याची उदाहरणं काही दिवस बंद करा. दहाच्या नोटा आणि नाणी घ्या. ५२ रुपयांतून २७ द्यायचेत, पाच नोटा आणि दोन नाणी हातात आहेत, काय करशील? नोट मोडावी लागते हे मुलाला स्वतःहून सुचू द्या. 'शेजाऱ्याकडून उसना' या गोष्टीपेक्षा 'नोट मोडली' ही गोष्ट खरी आहे. उसना घेतलेला तो एक कुणी कधी परत केलेला मी तरी बघितला नाही.

चुका वाचायच्या कशा

एकाच जातीची तीन उदाहरणं द्या. तिन्हींपैकी एक चुकलं तर ती घसरण, सोडून द्या. तिन्ही एकाच पद्धतीने चुकली तर मुलाने मनाशी एक चुकीचा नियम बांधलेला आहे, आणि तो ते इमानेइतबारे पाळतंय. अशा मुलाला "लक्ष कुठे असतं तुझं" म्हणणं अन्यायाचं आहे. त्याचं लक्ष असतंच, नियम चुकलेला असतो. नेहमी भेटणारे नियम असे:

- ४७ + ३८ = ७१५. प्रत्येक स्तंभ स्वतंत्र समजून दोन्ही उत्तरं शेजारी लिहिली. हेच ७५ आलं तर बहुधा हातचा विसरला. पहिली चूक गंभीर, दुसरी किरकोळ.
- ४०३ − १६८ = ३६५. मोठ्यातून लहान वजा करायचं, मग मोठा वर असो की खाली. मनूचं ३५ याच जातीचं.
- ४०३ − १६८ = २६५. शून्याला ओलांडून थेट शतकाकडून घेतलं आणि शून्याचं काय करायचं ते कळलं नाही. बरोबर उत्तर २३५.
- २४ × १३ = ९६. दुसऱ्या ओळीत २४० ऐवजी २४ लिहिले. १३ मधला १ म्हणजे दहा, हे पोचलेलं नाही. सोळा शेंगदाण्यांकडे परत जा.
- ६१२ ÷ ६ = १२. मधल्या १ ला भाग जात नाही म्हणून शून्य लिहायचं राहिलं. याला विचारा, "सहा जणांना शंभर-शंभर दिले तर किती झाले?" स्वतःच म्हणेल, सहाशे. मग १२ कसे?

शेवटच्या प्रश्नातली युक्ती सगळीकडे चालते. उत्तर लिहायच्या आधी "साधारण किती येईल?" हे विचारायची सवय लावा. ४७ आणि ३८ म्हणजे शंभराच्या आतच, असं म्हणणारं मूल ७१५ लिहून पुढे जाणार नाही. अंदाज येतो का, हे मी तरी अचूक उत्तरापेक्षा वरचं मानते.

पाढे

सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस. घडाघडा म्हणतो, पाहुण्यांसमोर तर फारच. आता मध्येच विचारा, "सात आठी?" ओठ हलायला लागले आणि पहिल्यापासून सुरुवात झाली, तर त्याला चाल पाठ आहे, पाढा अजून यायचाय. चाल वाईट नाही, पुढच्या पायरीची तयारी असते. पुढची पायरी म्हणजे: "सात आठी विसरलास तर कसं शोधशील?" सात सातीत सात मिळवीन, किंवा सात चोक अठ्ठावीसची दुप्पट, असं काहीही आलं तर पोरगं तयार आहे. "परत म्हणीन" एवढंच आलं तर चिकूच्या पेटीसारखी चार ओळींत सहा-सहा टिंबं काढायला सांगा आणि विचारा, हा गुणाकार कुठला? कागद आडवा फिरवला तर?

शाब्दिक उदाहरणं

"आई, हे अधिक करायचं की वजा?" हा प्रश्न घरात रोज येत असेल तर मूल उदाहरण वाचत नाहीये, त्यातला शब्द शोधतंय. ओळखायला हे द्या: 'सीताकडे १४ बोरं आहेत. तिच्याकडे गीतापेक्षा ५ जास्त आहेत. गीताकडे किती?' 'जास्त' दिसलं की अधिक, या हिशेबाने १९ येतील.

मग एक गंमत करा. 'गोठ्यात ७ म्हशी आणि ५ गाई आहेत. गवळ्याचं वय किती?' फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या संशोधकांनी १९८० च्या सुमारास मेंढ्या, बोकड आणि जहाजाचा कप्तान घालून असंच उदाहरण प्राथमिकच्या मुलांना दिलं होतं. बहुतेक मुलांनी आकडे जुळवून वय सांगितलं. तुमच्या मुलाने "बारा" म्हटलं तर हसू नका. "असं कसं सांगणार?" म्हणालं तर त्या दिवशी शिरा करा.

चौथी-पाचवीसाठी: वडापच्या एका जीपमध्ये ९ माणसं बसतात, ४० वऱ्हाडी आहेत, किती जीप लागतील? 'भागाकार ४, बाकी ४' हे उत्तर कागदावर बरोबर आहे आणि चार वऱ्हाडी रस्त्यावर उभे आहेत. याच्या उलटंही करा: १५ − ८ देऊन म्हणा, "याची गोष्ट सांग."

दुकानातला हिशोबही बघायला हवा. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आला. ही मुलं तोंडी हिशोब झटपट करत, तेच शाळेसारखं कागदावर दिलं की अडत. आणि शाळेतल्या मुलांना बाजारातला हिशोब जमत नसे. म्हणून एकदा कागदावर जोखा, एकदा किराण्याच्या दुकानात. एकीकडे येतं आणि दुसरीकडे नाही, ही फार उपयोगी माहिती असते.

अपूर्णांकांचं थोडक्यात. चौथीच्या पुढे विचारा, भाकरीचा १/३ मोठा की १/४? 'चार मोठा म्हणून १/४' आलं, किंवा १/२ + १/३ = २/५ आलं, तर अंश-छेद म्हणजे वर-खाली लिहिलेल्या दोन सुट्या संख्या एवढंच पोचलंय. रीत थांबवा, भाकरी मोडा.

नोंद आणि शाळा

सगळे कागद तारीख घालून एका फाइलमध्ये ठेवा. सहा आठवड्यांनी तीच उदाहरणं, आकडे थोडे बदलून. शेजारच्या मुलाचा कागद शेजारी लावू नका. जुना स्वतःचाच लावा. प्रत्येक कागदावर एकच ओळ लिहा, मार्क नको.

शाळेत जाताना हाच कागद न्या. एकेका शिक्षकाकडे दोन-दोन वर्ग असतात, वेळ थोडा असतो. "गणितात कच्चा आहे का?" यापेक्षा "शून्य असलेल्या वजाबाकीत असं करतो, वर्गातही असंच होतं का? घरी काय घेऊ?" असं विचारलंत तर दोन मिनिटांत कामाचं उत्तर मिळतं. आणि शाळेची रीत घरच्या रीतीहून वेगळी असेल तर मुलासमोर वाद नको. एका मुलाला मी दोन रीतींच्या मध्ये वर्षभर लटकताना बघितलंय, बाबांची भागाकाराची मांडणी एक आणि माझी एक.

काही खुणा दिसल्या तर मात्र सरावावर भागवू नका. तिसरी-चौथीतही ३ + ४ बोटांवर मोजावं लागणं, तीन-चार वस्तू न मोजता ओळखता न येणं, आज शिकलेलं उद्या पुसलं जाणं, घड्याळ आणि पैसे काही केल्या न लागणं, आणि हे महिनोन्महिने चालणं. आधी डोळे तपासा. स्तंभ वाकडेतिकडे जाणाऱ्या कितीतरी मुलांना चष्मा हवा होता. मग बालरोगतज्ज्ञांशी बोला. गणितातली अध्ययन अक्षमता खरी असते, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. साधारण आठ वर्षांच्या आधी ठाम निदान करत नाहीत. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात यासाठी वेगळं केंद्र आहे.

मनूला मी सहा आठवड्यांनी पुन्हा बसवलं. मधल्या काळात आईने फक्त नोटा-नाणी घेतली होती, रोज दहा मिनिटं. तेच उदाहरण, ५२ − २७. मी विचारायच्या आधीच ती बोलायला लागली, "पाच दशकांतला एक मोडला, दहा सुटे झाले, हे दोन, बारा." मग बारातून सात काढताना बोटं मोजली, एक बोट निसटलं, आणि उत्तर आलं २६.

आई शेजारी होती. तोंड उघडलं तिने, मग मिटलं. मी कागदावर तारीख टाकली आणि लिहिलं: 'दशक समजला. १२ − ७ पक्कं करायचं.'